पहिल्या दिवसाचे मामा

नगर जिल्ह्यात आजवर जी माणसं कुठल्या ना कुठल्या नोकरीवर रुजू झाली असतील, त्यांत सगळ्यांत नीट रुजू झालेली माणसं आमच्या कारखान्यातली, असं मी कुणाहीसमोर छातीठोकपणे सांगेन. कारखाना काही फार मोठा नाही. औद्योगिक वसाहतीच्या पार शेवटच्या रस्त्याला, पाण्याच्या पंपांचे सुटे भाग करणारा, दीड-दोनशे माणसांचा. पगार चारचौघांसारखा आणि उन्हाळ्यात पत्र्याखाली होणारी काहिलीही सगळीकडच्यासारखीच. पण आमच्या टाइम ऑफिसात एक मामा होते. कागदोपत्री त्यांचं काम हजेरी मांडायचं. प्रत्यक्षात ते नव्या माणसाला कारखान्यात आणायचे, आणि तेही घरात नवी सून आणावी तितक्या गांभीर्यानं. त्यांचं खरं नाव पगारपत्रकाखेरीज कुठे वापरलं जात नसे. मालकांपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत.

मामांचा चेहरा मुळात स्वागताचा नव्हताच. हसू नावाची गोष्ट त्यांच्या तोंडावर मी इतक्या वर्षांत दोनदा पाहिली असेल. पांढरा सदरा, गळ्यापर्यंत लावलेली बटणं, खिशाला दोन पेनं आणि शोकसभेला निघालेल्या माणसासारखी नजर. नवा माणूस फाटकातून आत आला की मामा उठून उभे राहत, हात जोडत आणि अतिशय जड आवाजात म्हणत, ‘‘या. आम्ही आपली वाट बघत होतो.’’ समोरचा बिचारा दचकून मागे बघायचा. आपली कुणी वाट बघत असेल हे त्याच्या ध्यानीमनी नसे. मग मामा त्याला घेऊन निघत. त्यांचा क्रम ठरलेला. आधी पिण्याचं पाणी, मग संडास, मग मलमपट्टीचं कपाट, मग जेवायची जागा, मग ज्या मशिनवर काम करायचं ते मशिन, आणि सगळ्यांत शेवटी मालकांची केबिन. एकदा थोरल्या मालकांनीच थट्टेनं विचारलं, ‘‘मामा, आमचा नंबर संडासानंतर का?’’ मामा म्हणाले, ‘‘साहेब, तुम्ही कुठं बसता हे चार दिवस कळलं नाही तरी माणूस तगतो.’’

त्यांची दुसरी सवय म्हणजे माणूस रुजू होण्याआधीच्या रविवारी ते एसटीत बसून त्याच्या घरी जात. गाडीला किती वेळ लागतो, कुठे भरते, घरी कोण कोण आहे, हे स्वतः बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. मला पर्सोनेल खात्यात नेमणुकीचं पत्र आलं त्या आठवड्यात ते असेच श्रीरामपूरला आमच्या दारात उभे राहिले. चेहरा बघून आईला वाटलं, नात्यातलं कुणीतरी गेलं. ‘‘मुलीच्या संदर्भात आलोय,’’ मामा म्हणाले, आणि आईचा चेहरा उजळला. त्या वर्षी माझ्यासाठी स्थळं बघणं चाललं होतं. तिनं त्यांना पंख्याखाली बसवलं, मला खूण करून साडी नेसायला आत पिटाळलं आणि पोहे टाकले. मी आतून ऐकत होते.

‘‘मुलगी सकाळी किती वाजता उठते?’’ मामांनी डायरी उघडत विचारलं.

‘‘पाचला,’’ आईनं बिनदिक्कत थाप मारली.

‘‘गाडी लागते का?’’

‘‘छे हो. कधीच नाही.’’

‘‘नगरला राहायची तयारी आहे? रोजचं येणं-जाणं झेपणार नाही. गाडी इथं भरूनच येते, राहुरीपर्यंत उभं राहावं लागतं.’’

‘‘तुम्ही म्हणाल तिथं राहील.’’

‘‘डबा कोण करतं?’’

‘‘तीच करते. सगळा स्वयंपाक येतो तिला.’’

मामा हे सगळं लिहून घेत होते. शेवटी आईनं धीर करून विचारलं, ‘‘मुलगा काय करतो?’’

मामा गोंधळले. ‘‘कोणता मुलगा? मला दोन मुलीच आहेत.’’

उलगडा झाल्यावर आई उठून स्वयंपाकघरात गेली. पण पोह्यांवर खोबरं मात्र तिनं जावयाच्या घरचं माणूस आल्यासारखंच घातलं. जाताना मामांनी तिला दोन महिला वसतिगृहांचे पत्ते लिहून दिले आणि म्हणाले, ‘‘पहिल्या दिवशी मी फाटकावर असेन. काळजी करू नका.’’ ते होते.

नावांच्या बाबतीत तर मामा फार काटेकोर. ‘‘घरी काय म्हणतात तुम्हाला?’’ हा त्यांचा पहिला प्रश्न. माणसाला त्याच्या नावानं हाक मारली की त्याचे पाय जमिनीला लागतात, असं ते म्हणत. एकदा ओडिशातून एक वेल्डर येणार होता. त्याचं नाव दुर्योधन. अर्ज वाचून मामांनी दोन वेळा चष्मा पुसला. मग तो यायच्या आदल्या दिवशी त्यांनी अख्ख्या वेल्डिंग खात्याला एकत्र उभं केलं आणि सांगितलं, ‘‘त्यांच्याकडं हे नाव ठेवतात. आईबापांनी कौतुकानंच ठेवलं असणार. उद्यापासून ते आपले दुर्योधनभाऊ. नावावरून कुणी एक अक्षर बोललं तर त्याची हजेरी मी स्वतः मांडणार नाही.’’ कुणी बोललं नाही. खात्यात भीमा नावाचा एक फिटर होता, त्याला मात्र मामांनी पहिले आठ दिवस मुद्दाम दुसऱ्या पाळीत ठेवला. नंतर त्या दोघांची इतकी दोस्ती झाली की भीमाच्या बहिणीच्या लग्नात दुर्योधनभाऊ पंगतीत वाढायला होते.

या उत्साहात चुकाही होत. एकदा थंड पाण्याचं यंत्र दुरुस्त करायला एक मनुष्य आला. मामांना वाटलं, नवा टर्नर. त्यांनी त्याला हात जोडले, पाण्यापासून मालकांपर्यंत सगळा कारखाना दाखवला, शेजारी बसवून जेवू घातलं. बंद पडलेलं यंत्रही दाखवलं आणि ‘‘हे दुरुस्त करायला माणूस येतोय,’’ असं त्यालाच सांगितलं. जेवण झाल्यावर खरा टर्नर आला तेव्हा घोटाळा कळला. मी त्या दुरुस्तीवाल्याला विचारलं, ‘‘अहो, आधीच का नाही सांगितलं?’’ तो हात पुसत म्हणाला, ‘‘ताई, वीस वर्षं कारखान्या-कारखान्यांतनं फिरतोय. ‘या, बसा’ असं कुनी म्हनलं न्हाई. म्हनलं, हुतंय तवर हू द्यावं.’’

जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा आमच्याकडे जुने छापील फॉर्म गठ्ठ्यानं शिल्लक होते. मामांनी प्रत्येकावर पट्टी धरून अहमदनगर खोडलं आणि वर सुवाच्य अक्षरात अहिल्यानगर लिहिलं. नव्या माणसापुढे फॉर्म ठेवताना ते म्हणत, ‘‘गावाचं नाव नवं आहे, तुम्हीही नवे आहात. होईल सवय दोघांचीही.’’ हे ते विनोद म्हणून म्हणत नसत.

हा माणूस असा का, हे मी त्यांना एकदाच विचारलं. दुपारची सुट्टी होती. मामांनी डब्याचं झाकण लावलं. मग त्यांनी सांगितलं. ते तेव्हा तरुण होते, दुसऱ्या एका कारखान्यात मशिनवर होते. एक दिवस राहुरीकडचा एक नवा माणूस शेजारच्या मशिनवर आला. मुकादमानं त्याला तिथं उभं केलं आणि निघून गेला. सकाळभर त्याच्याशी कुणी बोललं नाही. जेवायच्या भोंग्याला तो मामांकडे आला आणि म्हणाला, ‘‘हात कुठं धुवायचे?’’ मामांचं त्या दिवशी काहीतरी बिनसलं होतं. ते म्हणाले, ‘‘मला काय विचारतो?’’ तो माणूस तेलानं माखलेले हात तसेच घेऊन बाहेर गेला तो परत आलाच नाही. त्याचा डबा मशिनजवळ राहिला.

‘‘आठवडाभर तो डबा माझ्या डोळ्यांसमोर होता,’’ मामा म्हणाले. ‘‘मग मी पत्ता काढून रविवारी त्याच्या गावाला गेलो. बायको दारात आली. म्हणाली, ते बाजारात गेलेत. रोज कामावर जाताना मी फडक्यात भाकरी बांधून देते, डबा हरवला म्हणतात. रोज कामावर जाताना! म्हणजे तो रोज सकाळी धुतलेले कपडे घालून घरातून निघत होता, ताई. मी डबा दिला आणि म्हणालो, विसरले होते. दुसऱ्या दिवशी खाडा करून त्याला शोधला. स्टँडवर बाकड्यावर बसला होता. म्हटलं, चल परत, मी येतो बरोबर. तो म्हणाला, ‘घरी काय सांगू? कामावर कुणी बोललं नाही म्हणून आलो? हे कारण सांगता येतं का?’ नाही आला तो.’’

मामा उठून डबा धुवायला गेले. त्यानंतर हा विषय आमच्यात निघाला नाही.

पुढे मी पर्सोनेल खात्याची प्रमुख झाले आणि त्या दिवसापासून मामा मला मॅडम म्हणू लागले. थोरले मालक थकले, धाकटे साहेब कारभार बघू लागले. माणूस हुशार आणि मनानं चांगला. त्यांची चिंता खरी होती. शिकलेली मुलं सुप्याच्या, चाकणच्या मोठ्या कारखान्यांत जात होती. ‘‘आपल्या कंपनीचं नाव व्हायला पाहिजे,’’ ते म्हणत. ‘‘नोकरी करावी तर इथं, असं मुलांना वाटलं पाहिजे.’’ त्यांनी पुण्याहून एक सल्लागार आणले. त्यांनी नव्या माणसासाठी पडद्यावर दाखवायची फिल्म केली, कंपनीचं नाव छापलेली बॅग, कप आणि टी-शर्ट ठरवला, मोबाईलवर भरायची प्रश्नावली दिली. यातलं काहीच वाईट नव्हतं. पण अहवालात एक कलम होतं. टाइम ऑफिसातील एक वयस्क कर्मचारी नव्या लोकांच्या घरी जातो, खासगी प्रश्न विचारतो, यामुळे कंपनीची प्रतिमा जुनाट दिसते. साहेबांनी मला बोलावलं. मी दोन-चार वाक्यांत मामांची बाजू मांडली आणि मग गप्प बसले. आदेश मीच लिहिला. ‘टाइम ऑफिसने हजेरीव्यतिरिक्त नवीन कर्मचाऱ्यांशी संवाद साधू नये.’ खाली सही माझी.

मामांनी तो उभ्यानं वाचला. खिशातलं पेन काढून खाली लिहिलं, ‘वाचले. समजले.’ तारीख घातली, सही केली आणि कागद मला परत दिला. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात ते म्हणाले, ‘‘ठीक आहे, मॅडम.’’

मामांनी तो आदेश अक्षरशः पाळला. एखादा नवा मुलगा खिडकीशी येऊन, ‘‘काका, पाणी कुठं आहे?’’ असं विचारी. मामा तोंडातून शब्द काढत नसत. ते उठत, खोलीला कडी लावत आणि स्वतः चालत जाऊन पाणी पीत. मुलगा मागोमाग जाई. दिवसातून किती वेळा तो माणूस तहान नसताना पाणी प्यायला असेल, देव जाणे. मी माझ्या काचेतून ते बघत असे आणि फाइलीत डोकं घालत असे.

फिल्म सुरू झाली, बॅगा वाटल्या गेल्या, आणि माणसं येऊन जाऊ लागली. कुणी आठ दिवसांनी, कुणी पंधरा दिवसांनी. प्रश्नावलीत सगळे ‘उत्तम’ भरत आणि यायचे बंद होत. एकदा सायकल स्टँडवर बॅग सापडली, आत कप तसाच, कागदात गुंडाळलेला. मी फोन केला तर मुलगा म्हणाला, ‘‘काय न्हाई मॅडम, असंच. करमंना.’’

त्याच सुमारास आम्ही पहिल्यांदाच मशिनवर मुली घ्यायचं ठरवलं. आयटीआय झालेल्या सहा जणी निवडल्या. सोमवारी त्या रुजू व्हायच्या होत्या. शुक्रवारी दुपारी पारनेर तालुक्यातून, राळेगणच्या पलीकडून, एक शेतकरी आपल्या मुलीला घेऊन फाटकावर आला. डोक्याला टोपी, पायांत धुळीनं पांढऱ्या झालेल्या चपला. मुलगी त्याच्या मागे उभी, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.

‘‘बाई, इथं मामा म्हनून हायेत ना?’’ त्यानं मला विचारलं. ‘‘आमच्या गावचा एकजन इथं हुता. तो म्हनला, पोरगी बिनघोर धाड, तिथं मामा हायेत. त्यांना भेटाया आलोय.’’

मी त्याला आत बसवलं, सरबत दिलं, आता पद्धत बदलली आहे असं सांगितलं आणि फिल्म लावली. मांडीवर टोपी ठेवून त्यानं ती शेवटपर्यंत पाहिली.

‘‘पिच्चर चांगलाय,’’ तो म्हणाला. ‘‘पन बाई, ही कधी घर सोडून ऱ्हायली न्हाई. उद्या हिच्या पोटात दुखाया लागलं, न्हाईतर कुनी वाकडं बोललं, तर हिनं कुनाला सांगायचं? ह्या पिच्चरला?’’

‘‘मला सांगेल ना,’’ मी म्हटलं.

‘‘तुमी लई मोठ्या. तुमच्या दारापत्तुर यायला हिचं पाय उचलनार न्हाईत.’’ मुलीनं मान खाली घातली. तो उठला. ‘‘मामा नसतील तर ऱ्हाऊ द्या. आमी जातो माघारी.’’

कंपनीचं नाव व्हावं म्हणून आम्ही इतका आटापिटा केला होता. ते नाव पारनेरच्या त्या गावात कधीचंच होतं, आणि मी त्या नावालाच बोलायची बंदी घातली होती.  मी त्या दोघांना घेऊन टाइम ऑफिसात गेले. मामा उठून उभे राहिले, हात जोडले, पण बोलले नाहीत. त्या शेतकऱ्यानं आपलं गाव सांगितलं, त्या ओळखीच्या माणसाचं नाव सांगितलं. मामांचे डोळे लकाकले, पण तोंड मिटलेलंच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

‘‘बोला ना मामा,’’ मी म्हटलं.

‘‘मनाई लेखी आहे, मॅडम.’’

‘‘मी रद्द करते.’’

‘‘लेखी.’’

त्यांच्याच टेबलावरचा कागद ओढून मी उभ्यानं लिहिलं, ‘पूर्वीचा आदेश रद्द. चूक माझी होती.’ दुसरं वाक्य आदेशात शोभणारं नव्हतं. मामांनी कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि मग त्या मुलीकडे वळून म्हणाले, ‘‘घरी काय म्हणतात तुला, बाळ?’’

‘‘माई,’’ ती म्हणाली. त्या दिवसातला तो तिचा पहिला शब्द.

साहेबांना मी लगेच जाऊन सांगितलं. ते चिडले, आणि चिडणं साहजिक होतं. मी म्हटलं, ‘‘सोमवारी फक्त मागे मागे चला. मग काय ते ठरवा.’’ शनिवारी मामांनी बायकांचं स्वच्छतागृह तपासलं. आत जायला ते स्वतः संकोचले, म्हणून झाडूवाल्या मावशींना पाठवलं. आतली कडी तुटलेली निघाली. ऑफिसातल्या आम्ही दोघी-तिघी वर्षभर दाराला बादली लावत होतो आणि कुणी बोलत नव्हतो. रविवारी मामा आणि मी सहाही घरी गेलो. सोमवारी सहाजणी आल्या. मामा फाटकावर होते. ‘‘या. आम्ही तुमची वाट बघत होतो,’’ ते त्याच जड आवाजात म्हणाले, आणि माई खुदकन हसली. साहेब खरंच मागे मागे चालत होते. स्वच्छतागृहाच्या दाराशी मामा थांबले आणि मुलींना म्हणाले, ‘‘कडी नवीन आहे. परवा बसवली. त्याआधी मोडकी होती, ही आमची चूक.’’ साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. त्या दिवसानंतर त्या आदेशाबद्दल ते कधी बोलले नाहीत. फिल्म राहिली, कपही राहिले, पण ते द्यायचे मामांच्या हातून.

सहाही जणी टिकल्या. माई आज नव्या मुलींना मशिन शिकवते. आता जागा निघाली की गावागावांतून फोन येतात, आणि साहेब बाहेरच्या लोकांना अभिमानानं सांगतात की आमच्याकडे माणसं सोडून जात नाहीत. ते खरं आहे.

मामा निवृत्त झाले. मामी आधीच गेल्या होत्या, म्हणून ते संगमनेरला मुलीकडे राहायला गेले. मध्ये नाशिकला जाताना मी तिथे थांबले. नवी मोठी सोसायटी, खाली बाग, पाचच्या उन्हात बाकांवर म्हाताऱ्यांचा घोळका. मामा गॅलरीत एकटे बसले होते, गळ्यापर्यंत बटणं लावून. चहा झाला, कारखान्यातल्या एकेकाची नावानिशी चौकशी झाली. मी विचारलं, ‘‘खाली बागेत जाता की नाही?’’

‘‘जातो. चक्कर मारून येतो.’’

‘‘ओळखी झाल्या?’’

मामांनी खाली बागेकडे पाहिलं. मग म्हणाले, ‘‘चार महिने झाले, ताई. कुणी विचारलं नाही. मीही नाही विचारलं. आयुष्यभर दुसऱ्याला हात जोडून ‘या’ म्हणालो, पण ते माझ्या फाटकात उभं राहून. परक्याच्या फाटकात जीभ उचलत नाही हो.’’ किती वर्षांनी त्यांनी मला ताई म्हटलं होतं.

मी म्हटलं, ‘‘चला.’’ ते नको नको म्हणत होते, तरी त्यांचा हात धरून मी त्यांना खाली नेलं. घोळक्यासमोर उभी राहिले आणि मामांचं पूर्ण नाव सांगितलं. ते नाव मी माझ्या तोंडानं पहिल्यांदाच उच्चारत होते. ‘‘हे इथं नवीन आहेत,’’ मी म्हटलं. ‘‘घरी यांना मामा म्हणतात.’’ सगळे बघत राहिले. मामा शाळेत नाव घालायला आणलेल्या पोरासारखे ताठ उभे होते. मग एका आजोबांनी शेजारची भाजीची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि बाकावर हात थोपटून म्हणाले, ‘‘या मामा, बसा. कोणत्या गावचे तुम्ही?’’

मामा बसले. मी गाडीपर्यंत जाऊन मागे वळून पाहिलं, तेव्हा त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ते काहीतरी सांगत होते, आणि बाकीचे ऐकण्यासाठी पुढे वाकले होते.